श्वास मोजणाऱ्या सिस्टर

मी एकदा माझ्या सुनेचा ताप लपवला होता. सातव्या महिन्यातल्या सुनेचा, तिच्या डोहाळजेवणाच्या दिवशी, गोळी देऊन. आणि लपवला कोणापासून, तर साऱ्या दारव्ह्यात ज्या एका बाईला ताप नुसत्या डोळ्यांनी कळायचा तिच्यापासून. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. अक्कल यायला पुरेसा वेळ मिळाला होता, तो मी वापरला नव्हता एवढंच.

त्या बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या सिस्टर. नोकरी जवळच्या खेड्यातल्या उपकेंद्रात आणि राहणं आमच्या घरामागे, भाड्याच्या दोन खोल्यांत. सकाळी स्कूटीवर लसींचा निळा डबा बांधून जायच्या, संध्याकाळी धूळ खाऊन परत यायच्या. सावळ्या, आटोपशीर, केसांचा अंबाडा असा घट्ट की बघणाऱ्याचं डोकं दुखावं. हातात पुरुषी घड्याळ, मोठ्या तबकडीचं, लाल सेकंदकाट्याचं, आणि ते मनगटाच्या आतल्या बाजूला. कोणाकडे तापाचं माणूस बघायला गेल्या की खाटेजवळ स्टूल ओढायच्या, पीकपाण्याच्या गप्पा काढायच्या आणि मध्येच गप्प व्हायच्या. मनगट मांडीवर उलटं, नजर आजाऱ्याच्या छातीवर. पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची पळवाट त्यांना मंजूर नव्हती. त्या मिनिटात कोणी चहा आणला तर चहाने थांबायचं.

आमचे हे भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या शेतांची मोजणी. म्हणून मी सिस्टरांचं नाव ठेवलं 'मोजणीवाल्या', आणि गल्लीने ते लगेच उचललं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मला म्हणाल्या, "बरं हाये काकू. काका शेताचे धुरे मोजत, मी श्वास मोजतो. भांडणं तं दोन्हीकडं होतेच."

त्या मूळच्या बंजारा तांड्यावरच्या. फोनवर आईशी गोरबोलीत बोलायच्या तेव्हा मला फक्त 'याडी, याडी', म्हणजे आई, एवढं कळे. हे मोजण्याचं वेड नर्सिंगच्या कॉलेजात लागलं का, असं मी एकदा विचारलं. हसल्या. "कॉलेजात तं नंतर गेली. माही याडी बकऱ्या राखे. दूर उभी राहून सांगे, ते कबरी बकरी आज चरणार नाही म्हणून. बकरी थोडीच सांगते, माय माहं पोट दुखते. पाहाच लागते." मग म्हणाल्या, "माणसं तं बोलते. पण खोटं बोलते." हे वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या नव्हत्या. तशी वेळ अजून आली नव्हती.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे पहिला प्रश्न. ताप किती, हे त्या नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "किती वाजता आला?" लोकांना गंमत वाटे. ताप काय एसटी आहे, वाजून इतकी मिनिटं सांगायला? पण त्यामागे त्यांचा हिशेब होता. सर्दी दोन दिवस शिंका देत, नाक गाळत, सवडीने येते. कधी आली हे कोणाला सांगता येत नाही. फ्लू आला की माणूस वेळ सांगतो. "सोयाबीनच्या पोत्यावर हात होता अन् एकदम थंडी भरली," असं कोणी म्हणालं की सिस्टर मान हलवत. मग पुढचे प्रश्न: अंग ठेचल्यासारखं दुखते का, कोरडा खोकला आहे का, घरात आणखी कोणी झोपलं आहे का. खोकला अजिबात नसला तर त्या फ्लूचं नाव घेत नसत, रक्त तपासायला पाठवत. "डासावालाबी असू शकते. मी काय देव हाये?"

आमच्या भागात दवाखान्यात जाऊन सुई न टोचता परत येणं हा अपमान समजतात. आणि सलाईन लागली तर मग विचारूच नका, बघायला येणाऱ्यांना नारळपाण्याआधी बाटली दाखवायची. सिस्टरांपाशी यातलं काही मिळत नसे. म्हणायच्या, "पडून राहा, पीत राहा, तापाची गोळी वेळेवर घ्या, खिडकी उघडी ठेवा. पाच-सात दिवसांत फ्लू आपल्या पायानं जाते. सुई मारून पळत नाही तो." कोणी फार हट्ट धरला तर त्या आंबिलीचा पेला पुढे करत. "घ्या. तोंडानं प्याची सलाईन."

त्यामुळे त्या वेळी या बाईसाहेबांचं, म्हणजे माझं, त्यांच्याविषयी मत फार चांगलं नव्हतं. मला डॉक्टरकीचं खास ज्ञान होतं, कारण माझे मामा कंपाउंडर होते. शिवाय माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात घरातल्या प्रत्येक जुन्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या. कोणी शिंकलं की मी डब्यात हात घालून रंगावरून गोळी निवडत असे. सिस्टरांनी तो डबा एकदा आमच्या ओट्यावर उलटा केला. अर्ध्या पट्ट्या, पाव पट्ट्या, एक तर माझ्या नणंदेच्या दाढदुखीची, ती नणंद नागपूरला जाऊन चार वर्षं झालेली. "काकू, हे जंतूच्या औषधाच्या गोळ्या फ्लूले देता तुम्ही?" "हो, म्हणजे एखादी." "एखादी? जंतूले नुसती ओळख करून देता, का हे पाह्य बाप्पा, तुले मारणारी अशी दिसते?" साऱ्या गोळ्या त्या पिशवीत भरून घेऊन गेल्या. तापाच्या साध्या गोळ्यांची एक पट्टी तेवढी ठेवली. पुढचं सगळं रामायण त्याच पट्टीवर घडलं.

मुलगा तेव्हा वणीला, कोळसा खाणीच्या ऑफिसात. सून मंजूषा बाळंतपणाआधी थोडे दिवस आमच्याकडे आलेली. हे मुलाला भेटायला वणीला गेले, रविवारी परतले आणि सोमवारी दुपारी आडवे झाले. सिस्टर आल्या, मोजून झालं, प्रश्न झाले. "काका, फ्लू हाये. माडीवर झोपा, खाली येऊ नका." ह्यांनी क्षीण आवाजात सलाईनचा विषय काढला आणि आंबिलीवर समाधान मानलं.

जाताना सिस्टर मला दारात घेऊन उभ्या राहिल्या. "काकू, आता नीट ऐका. सुनेले काकांच्या खोलीत पाठवू नका. पोटुशी बाईले फ्लू लई खराब करते, तिच्या फुफ्फुसाले आधीच जागा कमी. तिचं अंग जरासंबी तापलं तं मले फोन करा, कवाबी करा. तिच्यासाठी फ्लूची वेगळी गोळी राहते, ते दोन दिवसाच्या आत चालू झाली तं बरं. अन् गुरुवारचं डोहाळजेवण आठ दिवस पुढं न्या."

मी "हो हो" म्हटलं. माझं "हो हो" किती पोकळ असतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सिस्टर तेव्हा नवीन होत्या. गुरुवार कसा हलवायचा? चाळीस बायकांना बोलावणं गेलेलं. फुलांचे दागिने यवतमाळहून यायचे होते, झोपाळा मंडपवाल्याकडून ठरलेला. आणि सगळ्यात मोठं कारण, अमरावतीहून जाऊबाई येणार होत्या. त्यांनी त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण चंद्रकोरीची सजावट करून केलं होतं आणि तिचे फोटो मला तीन वेळा पाठवले होते. मी अर्धचंद्रावर थांबणार नव्हते, मी मोर सांगितला होता.

बुधवारी दुपारी मी वरण-भाताचा कुकर लावला होता. मंजूषा ओट्याजवळ कोथिंबीर निवडत होती. दुसरी शिट्टी झाली आणि तिच्या हातातली जुडी खाली पडली. "आई, एकदम थंडी वाजून राह्यली," ती म्हणाली. तिच्या कपाळाला हात लावला तर चटका. "सिस्टरांना फोन करू का?" तिने विचारलं. आणि मी, कंपाउंडरची भाची, काय म्हणाले? "अगं, या दिवसांत अंग गरम राहतंच. झोप जरा." तिला पट्टीतली गोळी दिली. रात्री एक, सकाळी एक. गुरुवारी दुपारी जाऊबाईंची गाडी दारात लागल्यावर आणखी एक, म्हणजे पाचच्या सुमाराला ताप उतरलेला असावा आणि कोणाला कळू नये. 'कोणाला' म्हणजे कोणाला, हे मला चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी मोराच्या पिसाऱ्यापुढे झोपाळा, त्यावर हिरव्या साडीत मंजूषा, कपाळावर फुलांची बिंदी, गालांवर लाली. जाऊबाई म्हणाल्या, "काय तेज आलं आहे गं सुनेला!" मी मान ताठ केली. ते तेज म्हणजे ताप होता. ओट्या भरणं चालू झालं, कोणी डोहाळ्याचं गाणं उचललं, दोन वाट्या झाकून ठेवलेल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. तेवढ्यात सिस्टर आल्या. कामावरून थेट, अंगावर तीच पांढरी साडी, हातात ओटीचा नारळ.

मी पुढे झाले. न विचारता सांगितलं, "हिचं अंग बघा हो, अगदी थंड आहे. आताच थर्मामीटर लावलं, अठ्ठ्याण्णव." थर्मामीटर कशाला लावलं, असं कोणीही शहाणं माणूस विचारील. सिस्टरांनी विचारलं नाही. त्यांनी ओटी भरली आणि तिथेच झोपाळ्याजवळच्या पाटावर बसल्या. गाणं चालू होतं. मी पाहिलं, त्यांचं मनगट मांडीवर उलटं झालं होतं.

एक मिनिट गेलं. त्या उठल्या नाहीत, दुसरं मिनिट लावलं. मग त्या मंजूषाच्या कानाशी वाकल्या. "किती वाजता आला, माय?" मंजूषाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काल. कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला." एवढं वाक्य बोलताना तिने मध्ये दोनदा श्वास घेतला. चाळीस बायकांत ते सिस्टरांशिवाय कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

सिस्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मिनिटाले बत्तीस हाये श्वास, वीसच्या आत पाह्यजे. अन् ताप गोळीनं दबलेला. गोळी कवा देल्ली?" मी म्हणाले, "कोणती गोळी?" आजही हे लिहिताना मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता या बोलणार, चाळीस बायकांत, जाऊबाईंसमोर. मी डोळे मिटायचेच बाकी होते. सिस्टरांनी टाळी वाजवली. "अवो, तुम्ही तिले डोहाळे इचारून राह्यल्या ना? मले सांगतले तिनं. यवतमाळ पाहाचे डोहाळे लागले तिले. आताच." बायका खळाळून हसल्या. "मंग नेतो मी. पोटुशीचे डोहाळे ठेवाचे नसते. अन् काकूबी येतात संगं. तुम्ही घरोघरी जाऊन जेवा बाप्पा, इथं गर्दी करू नका, माडीवर काका झोपले हाये." कोणाला काही उमगायच्या आत मंजूषाच्या तोंडाला रुमाल बांधला गेला होता आणि आम्ही स्टँडवर होतो.

एक काळीपिवळी उभी होती, सिस्टरांनी ती आख्खी ठरवली. सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. हिरवी साडी, फुलांचे बाजूबंद, फुलांची बिंदी बघून ड्रायव्हर म्हणाला, "वरात कुठं हाये काकू?" मला रडू फुटलं. सिस्टर म्हणाल्या, "वरात मागून येऊन राह्यली. तू गाडी हाण." सारा रस्ता त्या मंजूषाच्या समोर बसून मोजत होत्या. अंधार पडला तेव्हा घड्याळ दिसेना, तर मोबाईलचा उजेड घड्याळावर धरला.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताप केव्हापासून आहे? काही औषध दिलं?" प्रश्न सिस्टरांकडे बघून विचारला होता. सिस्टर माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरले खरी वेळ लागते, काकू."

मी सांगितलं. काल दुपारी, कुकरची दुसरी शिट्टी. गोळ्या चार, शेवटची आज दुपारी, मी दिलेली. का दिली तेही सांगितलं, मोरासकट. डॉक्टरीणबाई लिहीत राहिल्या. "अजून दोन दिवस झालेले नाहीत, हे बरं झालं," म्हणाल्या. नाकातला नमुना तपासायला गेला, पण त्याच्या निकालासाठी त्या थांबल्या नाहीत. फ्लूची गोळी लगेच दिली, नळीने प्राणवायू लावला. बाळाचे ठोके ऐकवले तेव्हा मी खाली बसले. खुर्ची होती, पण मी जमिनीवरच बसले.

तीन दिवस प्राणवायू, पाच दिवस गोळ्या. मुलगा वणीहून आला. बरं वाटलं तेव्हा मंजूषाने पहिलं काय विचारलं असेल? "आई, बर्फीची वाटी कोणती होती?" घरी आलो तर दोन्ही वाट्या मुंग्यांनी उघडल्या होत्या; मुंग्यांचा मुलगा-मुलगी असा काही आग्रह दिसला नाही. पुढे वेळ भरल्यावर नात झाली. आता तिसरीत आहे आणि तिच्या फुफ्फुसांत किती जोर आहे हे ती अभ्यासाला बसवलं की दाखवते.

पण त्या आठवड्यात गल्लीचं काय झालं तेही सांगायला हवं. मी हळदीकुंकवाबरोबर तापही वाटला होता. सोमवारपर्यंत निम्मी गल्ली खोकत होती. सिस्टर कामावर जायच्या आधी आणि आल्यावर ओटी भरायला आलेल्या एकेकीच्या घरी जात. धडधाकट बाईला म्हणायच्या, "झोपा. ताप गोळीशिवाय उतरून पूर्ण एक दिवस झाल्याबिगर घराबाहेर पाय टाकू नका." म्हाताऱ्यांच्या, दम्याच्या, साखरवाल्यांच्या आणि तान्ह्यांच्या घरी रोज चक्कर. आयांना पोराचा अंगरखा वर करून दाखवायच्या. "अशी बरगडी आत ओढली गेली, का ओठ निळे दिसले, का पोरगं दूध-पाणी घेत नाही, तं माही वाट पाहू नका. गाडी करा." कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींचा श्वास वाढला तेव्हा त्यांनाही वेळेत यवतमाळला धाडलं. सगळे उठले. आणि त्या गोळीबद्दल कोणाला काही कळलं नाही. जाऊबाई तर अजून म्हणतात, "तुझ्या सुनेचे डोहाळे भारी हं, थेट यवतमाळचे!"

मी महिनाभर बोलणी खायची वाट पाहिली. सिस्टरांनी एक शब्द काढला नाही. उलट दिवाळीच्या आधी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, फ्लूची लस दरसाल घ्या. तुमाले साखर हाये." मी मुकाट्याने दंड पुढे केला.

तेव्हापासून आमच्या घरातला प्रत्येक ताप आधी त्यांच्या कानावर गेला, मग डॉक्टरांच्या. कोरोनात साऱ्या देशाने तोंड झाकलं, खिडक्या उघडल्या, प्राणवायू मोजायचे चिमटे बोटाला लावले. आमच्या गल्लीला त्यात नवं काही वाटलं नाही. त्यानंतर एका वर्षी मी लस घ्यायचं टाळलं आणि एक दिवस देवापुढे वात लावताना मला हुडहुडी भरली. सहा वाजून दहा मिनिटं. निरांजन तसंच ठेवून मी फोन केला. सिस्टर आल्या, स्टूल ओढलं, मनगट उलटं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात होते, फ्लूची गोळी पोटात होती. साखर चारशेच्या घरात गेली होती. पूर्वीसारखे दोन दिवस मी डब्यातल्या गोळ्यांवर काढले असते तर हे लिहायला कोणी दुसरं लागलं असतं.

दोन वर्षांपूर्वी सिस्टरांची बदली झाली, झरी जामणीकडे, जंगलातल्या एका गावात. सामान म्हणजे दोन पेट्या, एक गादी आणि तो निळा डबा. टेम्पो आला तेव्हा गल्ली जमली. नातीने त्यांना विचारलं, "तिथे कोणाचे श्वास मोजणार?" त्या म्हणाल्या, "तिथं माणसं कमी, डोंगर जास्त. डोंगराचे मोजीन." मी त्यांची ओटी भरली. मग धीर करून विचारलं. इतकी वर्षं ते गिळून बसले होते. "सिस्टर, त्या दिवशी मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. तुम्ही मला चार शब्द सुनावले का नाहीत? तेव्हाही नाही, नंतरही नाही."

त्यांनी घड्याळ मनगटावर सारखं केलं आणि टेम्पोत चढता चढता म्हणाल्या, "लई इच्छा होती काकू, खोटं कायले बोलू. पण तवा तुमाले बोलली असती, तं तुमच्या घरातला पुढचा ताप मले कोन सांगतला असता?"